जोखमीचे गट आणि आकडेवारी : एक अभ्यास

आमच्या परिसरात गोदामांच्या बाजूला ट्रकांची रांग लागलेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ट्रकवर पोट असलेली घरे आपल्या सभासदांतही आहेत. अशाच एका घरातील मुलाची सोयरीक काही वर्षांपूर्वी ठरता ठरता मोडली. मुलीच्या मामांनी वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. ट्रकचालकांत एच.आय.व्ही.चे प्रमाण अमुक टक्के, असा त्याचा मथळा होता. मुलगा कारकुनी करणारा. ट्रक चालवीत ते त्याचे वडील. त्या बैठकीस आम्हीही होतो, आणि पदवीधर असूनही त्या आकड्याला काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. तेव्हापासून या पाहण्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे उमगले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे आकडे जमतात कसे ते पाहू. भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली आणि १९९८ पासून देशभर ठराविक केंद्रांवर नियमित पाहणी सुरू झाली. मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थाही १९९८ चीच. तिचे कार्यालय आपल्या शेजारी वडाळ्यास, अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात. पाहणीची रीत साधी आहे. प्रसूतिपूर्व तपासणीस ओळीने आलेल्या ४०० गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या गटांसाठी एका केंद्रावर २५० व्यक्ती, यांचे रक्त तपासावयाचे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा घेणारे, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी हे जोखमीचे गट होत. लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना हे गट व सर्वसाधारण समाज यांमधील ‘दुवा’ समजतात.

आता आमच्या धंद्यातला दाखला देतो. समजा, काउंटरवर ज्या नोटांविषयी शंका आली तेवढ्याच बाजूला काढल्या आणि त्यांतील शंभरांत दहा खोट्या निघाल्या. यावरून तिजोरीतल्या दर शंभर नोटांत दहा खोट्या, असे कोणी लिहिले तर मॅनेजर त्याला घरी बसवील! टक्केवारीत वर अंश असतो, खाली छेद. वर्तमानपत्र अंश मोठ्या टायपात छापते. छेद कोणता, म्हणजे तपासले कोणाला, हे शोधावे लागते. ट्रकथांब्यावरच्या दवाखान्यात तक्रार घेऊन आलेला ड्रायव्हर आणि रोज संध्याकाळी घरी परतणारा ड्रायव्हर यांचा छेद एक नव्हे.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या लहानपणाची. कल्पना करा, एका केंद्रावर २५० पैकी ५ जण बाधित निघाले. प्रमाण झाले २ टक्के. पुढील वर्षी ८ निघाले, म्हणजे ३.२ टक्के. मथळा येईल, ‘एका वर्षात दीडपटीहून अधिक वाढ’. वास्तविक फरक तीन माणसांचा आहे. २५० च्या नमुन्यात ५ निघाले म्हणजे खरे प्रमाण साधारण पाऊण टक्क्यापासून साडेचार टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते, असे संख्याशास्त्र सांगते, ३.२ त्याच पट्ट्यात बसते. म्हणून एका केंद्राच्या एका वर्षावर कधीही विसंबू नये. चार-पाच वर्षे तोच कल दिसला तर मात्र लक्ष द्यावे.

छेद बदलला की काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले. २००५ सालासाठी भारतात सुमारे ५२ लाख बाधित असल्याचा अंदाज होता. जुलै २००७ मध्ये नवा अंदाज आला, २००६ साठी सुमारे २५ लाख. एका वर्षात निम्मे रोगी बरे झाले की वारले? दोन्ही नाही. तोवरचा हिशेब मुख्यतः सरकारी केंद्रांवर आलेल्यांवर उभा होता. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले, आणि १५ ते ४९ वयात प्रमाण ०.२८ टक्के निघाले. महाराष्ट्रात ते ०.६२ टक्के होते. परंतु घरोघरच्या पाहणीतही खोट राहते. कुंटणखान्यातली बाई, पदपथावर झोपणारा, महिना महिना रस्त्यावर असणारा चालक हे ‘घरी’ सापडत नाहीत. म्हणून जोखमीच्या गटांचे आकडे जोडून अंतिम प्रमाण ०.३६ टक्के धरले गेले. नव्या रीतीने मागील वर्षांचेही आकडे उतरविण्यात आले. तेव्हा ‘५२ वरून २५’ ही घट नसून हिशेबाची दुरुस्ती होती.

कामाठीपुऱ्याविषयी थोडे. १९९० च्या दशकात मुंबईतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या नमुन्यांत जवळजवळ निम्म्या बाधित आढळत. नंतर प्रमाण पुष्कळ उतरले. निरोधाचा प्रसार आणि त्या स्त्रियांनी स्वतः केलेले काम यांना त्याचे श्रेय आहेच. तथापि ज्या मरण पावल्या किंवा आजारी होऊन गावी परतल्या त्याही छेदातून गळाल्या, हे आकडा सांगत नाही. उलट, एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाल्यावर माणसे जगू लागली. जगणारे वाढले की बाधितांची संख्या तितकी घटत नाही, आणि अजाण वाचक म्हणतो, रोग आहे तेथेच आहे. त्यासाठी नवी लागण किती, हा आकडा वेगळा मागून घ्यावा लागतो.

आता त्या कात्रणाकडे वळू. समजा, त्या पाहणीत ट्रकचालकांत ३ टक्के निघाले होते. मग ९७ टक्के चालक बाधित नव्हते, हेही त्याच कागदाने सांगितले होते. शिवाय लागण होते ती असुरक्षित संबंधाने, दूषित सुईने वा रक्ताने, आणि बाधित आईकडून मुलाला गर्भारपणी, बाळंतपणी किंवा अंगावरच्या दुधातून. बाप ट्रक चालवतो एवढ्याने नव्हे. गटाचे प्रमाण हे औषधे, समुपदेशक, निरोध कोठे पाठवावेत हे ठरविण्यासाठी काढतात. दारात आलेल्या माणसाविषयी ते काहीच सांगत नाही. त्याच्याविषयी सांगते फक्त चाचणी, आणि ती सरकारी व पालिका रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत होते, संमती घेऊन आणि गुप्तता राखून. बाधितांना नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभावाने वागविण्यास बंदी घालणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

मुलीच्या मामांना हे सारे सांगावयास आम्ही पुढे एकदा गेलो होतो. त्यांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले, आणि म्हणाले, “हे त्याच दिवशी का बोलला नाहीत?” तोवर मुलीचे लग्न दुसरीकडे झाले होते.