दारू सोडणाऱ्या मनुष्याची शुश्रूषा

मंडळींतील एखादा बंधु दारू सोडण्याची शपथ घेतो, तेव्हां सर्वांस आनंद होतो. परंतु तो फार दिवसांचा पिणारा असल्यास पुढील तीन-चार दिवस त्याच्या जिवास धोका असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून उपदेशक बंधूंकरितां आम्ही हें लिहीत आहों.

वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशीं झगडतां झगडतां नेहमीं ताणलेला राहूं लागतो. दारू एकाएकीं तुटली म्हणजे तो ताण मोकाट सुटतो. कांहीं तासांतच हात कांपतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आंकडी येऊं शकते. त्यानंतर कित्येकांस भ्रम होतो. अंगावर किडे चालतात असें वाटतें, नसलेलीं माणसें दिसतात. मग घरचे लोक देवऋष्यास बोलावितात, किंवा रोग्यास खांबाला बांधितात. हें भूत नव्हे. दुखणें आहे, आणि उपचारावांचून ह्यानें माणूस मरतो.

ज्याचा हात सकाळीं प्याल्यावांचून स्थिर होत नाहीं, किंवा ज्यास पूर्वीं दारू तुटतांना आंकडी आली होती, त्यास शपथेच्या आधींच इस्पितळांत न्यावें. तेथें पोंचेपर्यंत दारू एकदम तोडण्याचा आग्रह धरूं नये. डॉक्टर डायझेपामसारखें औषध देऊन तें हळूहळू कमी करितात, व थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही देतात; तें फार कमी पडल्यास स्मरणशक्ति कायमची जाऊं शकते. हीं औषधें घरीं आपल्या मतानें देऊं नयेत.

मग उपदेशकानें काय करावें? गोव्यांत 'संगथ' संस्थेनें डॉक्टर नसलेल्या साधारण माणसांस शिकवून, अपायकारक पिणाऱ्या पण व्यसनांत पुरते न बुडालेल्या पुरुषांशीं चार भेटींपर्यंत बोलविलें. २०१७ सालीं ह्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनीं अशांपैकीं शेंकडा ३६ जण सुधारलेले आढळले. नेहमींचीच दवाखान्याची सेवा मिळालेल्यांत शेंकडा २६. ह्या भेटींत व्याख्यान नव्हतें. (आम्हां उपदेश करणारांस हेंच कठीण!) तूं कधीं व कोणाबरोबर पितोस, त्यानें घरचें काय गेलें, मित्रानें पेला पुढें केला तर काय म्हणशील, असें विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढावयाचें.

दारू सुटून कांहीं आठवडे झाले तरी मन खिन्न राहिलें, तर त्या खिन्नतेवर निराळा उपचार लागतो. तो मरणाची भाषा बोलूं लागल्यास त्यास एकटें सोडूं नये, पिकावरील विष कुलपांत ठेवावें, आणि २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर बोलावें. तेथें मराठींतही बोलतां येतें, व पैसे पडत नाहींत.