संगणकावरील चित्रभांडारात वाट काढणे

(इयत्ता पाचवी ते सातवी : चित्रकला व परिसर अभ्यास)

उद्देश : चित्र शोधणे, त्याचा कर्ता ओळखणे व त्याचा मान राखणे.

प्रस्तावना : डहाणू तालुक्यात लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. वारल्यांची ही कला कागदावर व कापडावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) गंजाडच्या कलंबीपाड्याचे. त्यांस १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता अशी चित्रे संगणकावरही दिसतात. परंतु तेथे प्रथम जाणारा विद्यार्थी गोंधळतो. त्यास वाट दाखविणे हे शिक्षकाचे काम होय.

पूर्वतयारी : ‘विकिमीडिया कॉमन्स’ हे २००४ मध्ये सुरू झालेले मुक्त चित्रभांडार पाठासाठी घ्यावे. शिक्षकाने ते आदल्या दिवशी स्वतः पाहून ठेवावे. संगणक नसल्यास एक मोबाईलही पुरतो.

पहिली पायरी : आरंभ यंत्राशिवाय करावा. मुलांची चित्रे वर्गाच्या भिंतींवर विषयवार लावावीत : शेती, लग्न, तारपा नाच. प्रत्येकाखाली चित्रकाराचे नाव व दिनांक यांची चिठ्ठी डकवावी. काही चिठ्ठ्या मुद्दाम कोऱ्या ठेवाव्यात. मग ‘तारपा नाचाचे चित्र कोणाचे?’ असे विचारून मुलांस शोध घेऊ द्यावा. विषयाची भिंत व चिठ्ठी यांचा उपयोग त्यांस आपोआप कळतो.

दुसरी पायरी : आता संकेतस्थळ उघडावे. शोधपट्टीत नुसते ‘वारली’ लिहिल्यास समाज, कला व कापडावरील नक्षी यांची सरमिसळ होऊ शकते. म्हणून ‘वारली चित्रकला’ असे नेमके शब्द द्यावेत. इंग्रजी अक्षरांतही शोधून पाहावे. एखादे चित्र उघडल्यावर पानाच्या तळाशी ‘वर्ग’ दिसतात. तीच विषयाची भिंत. वाट चुकल्यास मागे फिरून पुन्हा वर्गातून जावे.

तिसरी पायरी : चित्राखालील माहिती ही त्याची चिठ्ठी. ती वाचताना एक भेद शिकवावा : छायाचित्र काढणारा निराळा, चित्र लिहिणारा निराळा. ‘लेखक’ म्हणून पुष्कळदा छायाचित्रकाराचेच नाव असते आणि भिंतीवर चौक लिहिणारी बाई अनामिक राहते. कोऱ्या चिठ्ठ्यांची आठवण येथे द्यावी.

सावधगिरी : या भांडारात चढविलेले चित्र कोणासही, व्यापारासाठीसुद्धा, वापरण्याची मोकळीक असते. एकदा दिलेली ती मोकळीक परत घेता येत नाही. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याप्रमाणे चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे म्हसे यांच्या चित्रांवरील हक्क २०७८ च्या अखेरपर्यंत राहील. म्हणून पाड्यावरील कलावंताच्या, अथवा विद्यार्थ्याच्या व त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून एकही चित्र चढवू नये. पाहणे व शिकणे यांस मात्र आडकाठी नाही.

उजळणी : १. वर्गाचा उपयोग कोणता? २. छायाचित्रकार व चित्रकार यांत भेद काय? ३. संमती का घ्यावी?

गृहपाठ : घरी अथवा शेजारी चौक कोण लिहिते, ते विचारून त्यांचे नाव व त्यांनी ही कला कोणाकडून घेतली, हे वहीत लिहून आणावे. संगणकावर ज्या नावाची जागा रिकामी आढळते, ते नाव निदान गावच्या शाळेत तरी लिहिलेले असावे.