जखमी खेळाडूला खेळवावे की बसवावे?

पावसाचा जोर ओसरू लागला की शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम रंगात येतो. आधी तालुका, मग जिल्हा, मग अमरावती विभाग आणि सारे जमून आले तर राज्य. या दिवसांत माझ्या दवाखान्याच्या बाकावर सर्दी-तापाच्या रुग्णांशेजारी सुजलेले घोटे, ठेचलेली बोटे आणि दुखरे गुडघे घेऊन आलेली मुलेही दिसू लागतात. मागे एका हंगामात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील एका शाळेच्या हॉकी चमूची वैद्यकीय देखभाल माझ्याकडे होती. विभागीय सामन्यांची वेळ येईपर्यंत सोळापैकी सहा मुले काही ना काही दुखणे घेऊन बसली होती. त्या अनुभवातून पालक, क्रीडाशिक्षक आणि स्वतः खेळाडू यांच्यासाठी चार उपयोगी गोष्टी आज सांगतो.

इतक्या दुखापती का होतात?

हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा कठीण असतो. आपल्याकडील शाळांची मैदाने बहुधा मुरमाची. खड्यावर आदळून चेंडू अचानक उसळतो, पाय घसरतो, घोटा मुरगळतो. सतत वाकून पळावे लागत असल्याने कंबर आणि मांडीमागचे स्नायू आखडतात.

पण खरे कारण अनेकदा वेगळेच असते. एरवी आठवड्यातून दोनदा खेळणारी मुले स्पर्धा जवळ येताच सकाळ-संध्याकाळ सराव करू लागतात. त्यात पहाटेच्या एस.टी.ने खामगाव-अकोला मार्गे अमरावती गाठायची आणि उतरल्याबरोबर मैदानात उभे राहायचे. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

शिवाय तेरा ते सोळा हे वाढीचे वय आहे. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. मोठ्या माणसाचा स्नायुबंध ताणला जाईल अशा धक्क्याने मुलांच्या हाडाचा हा भाग दुखावू शकतो. म्हणून मुलांच्या बाबतीत ‘नुसती लचक आहे’ असे घरच्या घरी ठरवून टाकू नये. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन ते पळताना दुखत असेल, तर तेही याच वयातील ताणाचे दुखणे असते. विश्रांती आणि व्यायामाने ते बहुधा बरे होते.

मुले दुखणे लपवतात

या चमूतील दहावीच्या एका बचावपटूने घोट्याला आवळून पट्टी बांधून दोन सामने काढले. वर मोजा चढवला की कुणाला काही दिसत नसे. विचारले तर ‘काही नाही सर’ एवढेच उत्तर. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वरच्या स्तरावर खेळले तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलाला चांगले ठाऊक असते. आपण बसलो तर जागा गेली, ही त्याची भीती असते.

यावर त्या क्रीडाशिक्षकांनी साधा उपाय केला. रोज सकाळी प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारायचे: झोप झाली का, काही दुखते का, काल पळताना त्रास झाला का? उत्तरे वहीत लिहायची. आणि पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकले की दुखणे सांगणाऱ्याची जागा जाणार नाही. आठ दिवसांत आणखी दोन मुलांची दुखणी बाहेर आली.

मैदानावर लगेच काय करावे?

१) घोटा मुरगळल्यास खेळ थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस तेल चोळणे, शेक देणे किंवा ओढून ‘बसवून’ घेणे कटाक्षाने टाळावे. पाय टेकवून चार पावलेही चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यास कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा.

२) डोक्याला मार लागून मूल गोंधळले, त्याला गरगरले किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, ‘आता बरे वाटते’ म्हणाले तरीही नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायात कमजोरी यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. मार मानेलाही लागला असेल, तर त्याला हलवण्याची घाई करू नये.

३) पक्का दात मुळासकट निघाल्यास तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मूळ घासू नये. हलकेच धुऊन पुन्हा जागेवर बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे जावे. असा दात पुष्कळदा वाचतो.

४) वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवू नये. वेदना ही शरीराची सूचना आहे. ती दाबून टाकली की लहान दुखापत मोठी होते.

परत केव्हा खेळवावे?

सूज उतरली म्हणजे दुखापत बरी झाली असे नव्हे. सरळ पळणे, एकदम वळणे, दुखऱ्या पायावर उभे राहून उड्या मारणे या तिन्ही गोष्टी दुसऱ्या पायाइतक्याच सहज आणि न दुखता जमल्या, तरच मुलगा सामन्यासाठी तयार समजावा. डोक्याच्या दुखापतीत आधी शाळा, मग हलका व्यायाम, मग सराव आणि शेवटी सामना, असा क्रम पाळावा. सामन्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

हॉकीचा नियमही इथे मदतीला येतो. या खेळात बदली खेळाडू कितीही वेळा उतरवता येतात आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. आमच्या त्या बचावपटूला तीन आठवडे विश्रांती दिली आणि विभागीय सामन्यात पाच-पाच मिनिटेच खेळवले. चमू दुसऱ्या सामन्यात हरला. मुलांना ते फार लागले, मलाही लागले. परंतु पुढच्या वर्षी तो मुलगा अकरावीत असताना पूर्ण हंगाम खेळला.

भारताचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश २०१७ साली अझलन शाह चषक स्पर्धेत गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि कित्येक महिने खेळापासून दूर राहिला. त्यानंतर २०२१ साली टोकियोत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात तोच गोलरक्षक होता. थांबल्याने खेळ संपत नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

दुखापत टाळता येते

नॉर्वेमध्ये हँडबॉल खेळणाऱ्या १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ मुलामुलींवर एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. सरावाच्या सुरुवातीस पंधरा-वीस मिनिटे पळणे, उडी मारून गुडघे वाकवून उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि मांड्यांचे व्यायाम करणाऱ्या संघांत गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. याला पैसा लागत नाही, फक्त शिस्त लागते.

मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याला सराव नसावा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी द्यावी. नडगीचे पॅड आणि माउथगार्ड यांशिवाय मैदानात उतरू देऊ नये. डब्यात भाकरीबरोबर वरण, उसळ, शेंगदाणे, जमल्यास अंडे असावे. लवकर दमणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन अवश्य तपासावे. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो, आणि दमलेल्या शरीराला दुखापत लवकर होते.

पालकांना शेवटी एकच विनंती. सामन्याहून मूल घरी आले की ‘जिंकलात का?’ हे जरा थांबून विचारा. आधी विचारा, ‘कुठे लागले तर नाही ना?’ घरी खरे सांगण्याची सवय लागलेले मूल मैदानावरही दुखणे लपवत नाही.