शर्यत संपल्यावर ग्रेहाउंडचं काय?

चीनमधल्या मकाऊ शहरातलं 'कॅनिड्रोम' हे कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान जुलै २०१८ मध्ये बंद झालं. मागे पाचशेहून अधिक ग्रेहाउंड उरले. 'अनिमा' या स्थानिक संस्थेने त्यांना सांभाळलं, देशोदेशी घरं शोधून दिली.

पण घर मिळालं की काम संपतं का? ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावू शकणारा हा कुत्रा साध्या जिन्यापाशी अडतो, कारण पिंजऱ्यात वाढल्याने त्याने जिना पाहिलेलाच नसतो. काचेचं दारही त्याला कळत नाही. अंगावर चरबी कमी, कातडी पातळ; म्हणून मऊ अंथरूण हवं. उपासमार झालेली असेल तर एकदम पोटभर न देता डॉक्टरांना विचारून थोडं थोडं खायला द्यावं. झोपेत असताना हात लावू नये, आधी हाक मारावी. फिरवताना पट्टा सोडू नये. पळतं मांजर दिसलं की तो मागे धावतो.

वर्गात मुलांना विचारा : "याला जिना कसा शिकवाल?" कुणीतरी "ओढून" म्हणेलच. मग सांगा, ओढलं तर तो आणखी घाबरतो. एक पाय पायरीवर ठेवायचा, थांबायचं, शाबासकी द्यायची, मग दुसरा. पालकांनो, पाळीव प्राणी आणण्याआधी घरातही ही चर्चा जरूर करा.