लॅपटॉप सुरू होत नाही : निदान आणि प्रथमोपचार

आपल्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि देयके लॅपटॉपवर ठेवली जाऊ लागली, तेव्हापासून हे यंत्र बंद पडणे ही केवळ गैरसोय राहिलेली नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. म्हणून यंत्रापेक्षा त्यातील नोंदी मोलाच्या, हे ध्यानी धरूनच निदान करावे.

पूर्वेतिहास : यंत्र पडले होते काय, पाणी सांडले काय, विजेचा दाब अकस्मात वाढला होता काय, हे प्रथम विचारावे. पाणी सांडले असल्यास अ‍ॅडॉप्टर काढून यंत्र त्वरित बंद करावे आणि ‘चालते का पाहू’ हा मोह टाळावा.

तपासणी : त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते का पाहावे. वायर तुटलेली, पिन सैल वा जळकी नाही ना, हे तपासावे. दुसरा अ‍ॅडॉप्टर लावताना त्याचे व्होल्ट लॅपटॉपच्या लेबलाशी जुळावेत. अँपिअर तितकेच वा अधिक चालतात. टाइप-सी जोडणी असली, तरी मोबाइलचा कमी वॅटचा चार्जर बहुधा पुरा पडत नाही.

त्यानंतर अ‍ॅडॉप्टर काढावा, बॅटरी सहज निघणारी असल्यास तीही काढावी आणि पॉवरचे बटन सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. आत साठलेला विद्युतभार निघून जातो व अडकलेले यंत्र पुष्कळदा जागे होते.

लक्षणांवरून निदान : केवळ अ‍ॅडॉप्टरवर चालत असल्यास बॅटरीचा संशय घ्यावा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, तेव्हा टॉर्चचा झोत तिरपा टाकावा. अंधूक चित्र दिसल्यास दोष पडद्याच्या प्रकाशयोजनेत असतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर तो बहुधा रोग नसून बॅटरीचे आयुष्य वाढविणारी सेटिंग असते.

उन्हाळ्याचा विकार : आदिलाबादला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपलीकडे चार्ज करू नये, म्हणून यंत्रातील संरक्षक व्यवस्था चार्जिंग थांबविते. उन्हात उभ्या मोटारीतून आणलेला लॅपटॉप सावलीत तासभर निवू द्यावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण आत दव धरते.

तातडीची अवस्था : बॅटरी फुगून टचपॅड वा तळ उचलला गेला असल्यास चार्जिंग तत्क्षणी बंद करावे. ती दाबू नये, टोचू नये. आगीचा धोका असतो. अशी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

तज्ज्ञाकडे पाठविताना : वीजपुरवठ्याचा दोष असला, तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ‘नोंदी आधी काढून घ्याव्यात, विचारल्याविना फॉरमॅट करू नये’ असे तंत्रज्ञास लेखी कळवावे. डिस्क कूटबद्ध असल्यास तिची रिकव्हरी की अन्यत्र लिहून ठेवलेली असावी. रुग्णाची गोपनीयता दुरुस्तीच्या दुकानातही आपलीच जबाबदारी असते, म्हणून काम विश्वासू हातीच सोपवावे.

आणि दर आठवड्यास नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कुलपात ठेवावी. यंत्र बदलता येते. हरवलेला रुग्णेतिहास पुन्हा लिहिता येत नाही.