सोमवारची छाती

जळगावच्या एका जिनिंगमध्ये मी एकोणीस हंगाम हिशेब लिहिला. वजनकाट्याच्या पावत्या, गाडीभाडं, सरकीचे सौदे, १७० किलोच्या गाठींची नोंद. माझी केबिन हॉलला लागूनच होती. टेबलावर रोज पांढरट थर बसायचा. म्हणून सकाळी काम सुरू होण्याआधी कॉम्प्रेसरचा पाइप आणून हवा मारायची, हा शिरस्ता मीच पाडला. दोन मिनिटांत रजिस्टरं, कीबोर्ड, पंख्याची पाती, सगळं लख्ख. पाठोपाठ मावशी हॉल खराट्याने झाडायच्या. जागा स्वच्छ दिसायची आणि मी समाधानाने गादीवर बसायचो.

पुढे खोकला लागला. हंगामाचा म्हणून सोडून दिला. मग छाती आवळू लागली, म्हणून धुळ्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला.

"त्रास कोणत्या वारी जास्त होतो?"

मी आठवू लागलो. रविवारी जिन बंद, तेव्हा बरं वाटायचं. सोमवारी दुपारनंतर छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं आणि गुरुवारपर्यंत ते सैल पडायचं. इतकी वर्षं मी याला सुट्टीनंतरचा आळस म्हणत होतो. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न केला, "तुमच्याकडे झाडतात कसं?"

या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. कापूस, जवस, भांग यांच्या तंतूंच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना ते जडतं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून येणं ही त्याची ठळक खूण. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात जवस आणि भांगेचे तंतू पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद आहे. दोष रुईच्या तंतूंपेक्षा बोंडाबरोबर येणाऱ्या वाळक्या पाल्याचा जास्त. त्या पाल्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष धुळीबरोबर फुप्फुसात उतरतं आणि श्वासनळ्या आकसतात. लवकर लक्षात आलं आणि धुळीशी संबंध तुटला तर माणूस सावरतो. वर्षं गेली तर दम कायमचा बसतो. जळगावात कापडगिरणी उभी राहिली ती १८७० च्या दशकात, म्हणजे खानदेशची माणसं ही धूळ दीडशे वर्षं छातीत घेत आहेत. इतक्या काळात सोमवारचा हा प्रश्न किती जणांना विचारला गेला असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

तपासणीनंतरच्या सोमवारी मी लवकर जाऊन नुसता उभा राहिलो. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. पाइपने हवा मारली आणि त्या तिरिपेत जणू दूध ओतलं गेलं. थोड्या वेळाने जाड कचरा खाली बसला, पण बारीक धुरळा तसाच लोंबकळत राहिला, आणि त्यातच कामगार आत आले. दहा मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही मिनिटं लागतात, एका मायक्रॉनच्या कणाला कित्येक तास. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. मी टेबलावरची धूळ उचलून माणसांच्या नाकापाशी ठेवत होतो, तीही नेमकी पाळी सुरू होताना.

अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीसाठी नियम केले. सूत तयार करण्याच्या विभागात आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आणि दुसरा उपाय शक्य असेल तिथे हवा मारून सफाई करायला मनाई केली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगून ठेवलं होतं, की धूळ जिथे निघते तिथेच ती ओढून घ्या आणि कचरा रोज काढा. बिसिनोसिस त्याच कायद्याच्या परिशिष्टात होता, कामगाराला तो झाला तर कळवणं बंधनकारक होतं. आमच्या कचेरीत हे कुणी वाचलेलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून जिनवाल्यांना, आणि तुरीच्या टरफलाची तशीच बारीक धूळ खाणाऱ्या डाळमिलवाल्यांनाही, सांगतो: पहिला पैसा मशीनपाशी धूळ ओढणाऱ्या पंख्यावर आणि नळीवर घाला. तिथे सुटलेली धूळ खराट्याला आवरत नाही. हॉलमध्ये पाणी मारता येत नाही, रुई भिजून खराब होते. तिथे बारीक फिल्टरचा औद्योगिक व्हॅक्युमच हवा, आणि तो ठिणगी न पडणारा असावा, कारण उडालेली रुई भडकायला वेळ लागत नाही. सफाई वरून खाली: आधी तुळया, मग खिडक्या, शेवटी फरशी. आणि ती पाळी सुटल्यावर, माणसं बाहेर गेल्यावर. केबिनमध्ये ओलं फडकं पुरतं, पण ते बादलीत पिळायचं. बाहेर झटकलं तर धूळ पुन्हा आतच येते. गमछाने जाड कचरा अडतो, बारीक धूळ अडत नाही. झाडणाऱ्याला आणि व्हॅक्युमची पिशवी रिकामी करणाऱ्याला एन-९५ मास्क द्या, तो चेहऱ्याला घट्ट बसतोय का ते स्वतः पाहा.

कचेरीत बसणाऱ्यांनी आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नये. खानदेशच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या त्याच्या गवताच्या पॅडमध्ये धूळ आणि बुरशी साठते आणि पहिल्याच दिवशी ती तोंडावर येते. फाल्गुनातच पॅड बदला, टाकी घासून घ्या.

मला इनहेलर मिळाला, केबिन लांब हलवली, दोन हंगामांत छाती मोकळी झाली. मावशींना मात्र कुणी तपासलंच नव्हतं. सगळ्यात जास्त धूळ त्यांच्या खराट्याखाली उडत होती, आणि त्यांचा खोकला आम्हाला मशीनच्या आवाजासारखा सवयीचा झाला होता. एका सोमवारी पाळी संपल्यावर मी त्यांना श्वासाच्या तपासणीला घेऊन गेलो. नळी तोंडात धरण्याआधी त्यांनी विचारलं, "भाऊ, चूल फुंकते तसंच फुंकायचं का?" तीनदा फुंकल्या. तिन्ही वेळा कागदावरची रेघ अर्ध्यावरच वाकली. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे न देता त्यांच्याकडे दिला, शेजारी बसवून तो समजावून सांगितला, आणि पुढच्या सोमवारी पाळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असं दोनदा यायला सांगितलं.