जुन्या फार्गो ट्रकचे इग्निशन : तारांची जोडणी व ठिणगीची वेळ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने १९४७ पासून मुंबईत कुर्ला येथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व फार्गो या गाड्या जुळविण्यास आरंभ केला. त्यांतील फार्गो ट्रक आपल्या लोकांच्या विशेष परिचयाचा झाला. पुढे १९५४ पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक निघू लागले, खुद्द फार्गोतही डिझेल इंजिने बसू लागली, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकांचे दिवस भरत आले. डिझेलास ठिणगी लागत नाही. त्यामुळे ट्रकाच्या इंजिनास ठिणगी कशी व केव्हा द्यावी, ही विद्या दोन पिढ्यांत लोपत चालली आहे.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली व कालांतराने कामोठ्याची भातखाचरे वसाहतीत गेली. भात, पेंढा व वाल बाजारी नेण्यासाठी घेतलेला असा एखादा बोनेटवाला पेट्रोल ट्रक ज्या खातेदाराच्या पडवीत अद्याप उभा असेल, आणि तो भंगारात न घालता पुन्हा चालता करावा अशी ज्याची इच्छा असेल, त्याच्याकरिता पुढील माहिती दिली आहे. कामास हत्यारे थोडी लागतात : पाने, पेचकस, फीलर गेज, सहा व्होल्टचा एक लहान दिवा व दोन हात तार. धीर मात्र पुष्कळ लागतो.

आरंभीच एका गोष्टीविषयी सावध करणे अवश्य आहे. जुने मिस्त्री सांगत की, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटर फिरवीत जावे, चढावर इंजिनात टकटक येऊ लागली की किंचित मागे घ्यावे, म्हणजे टायमिंग बरोबर झाले. त्या काळी हे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हाच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक आजच्याहून बराच खालचा असे, आणि ठिणगी थोडी लवकर झाली की इंजिन लगेच टकटक करून तक्रार सांगे. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचा अंक ९१ वा त्याहून अधिक असतो, आणि फार्गोच्या इंजिनातील दाब जेमतेम साडेसहा ते सात पट. इतक्या कमी दाबात असले पेट्रोल सहसा टकटक करीत नाही. म्हणजे ठिणगी फाजील लवकर गेली तरी कानास काही कळत नाही, आणि ते कळते ते हँडल मारताना, मनगटास. सबब आज टायमिंग कानाने न करता खुणेने व दिव्याने करावे.

असे का होते ते पाहू. इंजिनाचा दट्ट्या चार टप्प्यांत काम करतो : हवा-पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे, ते पेटून दट्ट्या खाली ढकलला जाणे, आणि धूर बाहेर टाकणे. ठिणगी दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस, दट्ट्या वरच्या टोकाशी येतो त्या सुमारास, पडली पाहिजे. मिश्रण पूर्ण पेटावयास थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचे केवळ तीन शतांश मिळतात, म्हणून वेगात असताना ठिणगी टोकाच्या आधीच टाकावी लागते. ही वाढ डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातील फिरती वजने व बाजूची व्हॅक्यूमची डबी आपोआप करतात. परंतु हाताने हँडल मारताना इंजिन अगदी मंद फिरते. त्या वेळी ठिणगी लवकर पडली तर चढत असलेला दट्ट्या टोकास पोहोचण्यापूर्वीच आग त्यास खाली लोटते, क्रँक उलटा फिरतो, आणि हँडल धरलेल्या हातावर तो झटका बसतो. याने मनगटाचे हाड मोडते.

आता तारांकडे वळू. प्रथम बॅटरीचे कोणते टोक सांगाड्यास जोडले आहे ते पाहावे. जुन्या फार्गोत बॅटरी सहा व्होल्टची असून तिचे धन टोक सांगाड्यास, म्हणजे अर्थला, जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ऋण टोक अर्थला असल्याने नवा इलेक्ट्रिशियन हटकून उलटी जोडणी करतो. कोणी मागाहून बारा व्होल्टची बॅटरी घातली असेल तर तीही खात्री करून घ्यावी, कारण सहाची कॉइल बारावर लावल्यास ती तापते व पॉइंट जळतात. अशा ठिकाणी कॉइल बदलावी, निदान मध्ये योग्य रेझिस्टर घालावा. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामास दुप्पट प्रवाह वाहतो, म्हणून बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी व अर्थची केबल जाड हवी. बाजारातील बारा व्होल्टच्या मोटारीची केबल दिसावयास नवी व सुबक असते, पण तिने सेल्फ रेंगाळतो आणि लोक उगीच बॅटरीस दोष देतात. अर्थची केबल जेथे बसते तेथील रंग व गंज कानशीने काढून लोखंड उजळ करावे. आपल्या खाडीकाठच्या खारट हवेत निम्मा बिघाड या एका जागी असतो.

ठिणगीचा मार्ग असा : बॅटरीपासून अॅमीटरवरून स्विचकडे, स्विचपासून कॉइलच्या एका लहान टोकास, कॉइलच्या दुसऱ्या लहान टोकापासून डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटास. धन अर्थ असलेल्या गाडीत कॉइलवर ऋण खूण असलेले टोक स्विचकडे व धन खूण असलेले टोक डिस्ट्रिब्यूटरकडे जोडावे. उलट जोडले तरी इंजिन चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. मात्र प्लगावर ठिणगी उडविण्यास अधिक दाब लागतो, आणि पावसाळ्यात किंवा बॅटरी उतरली असता गाडी सुरू होत नाही. कॉइलच्या मधल्या टोकापासून जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या मध्यभागी जाते व तेथून रोटर ती वीज एकेका प्लगास वाटतो. या जाड तारा आत तांब्याच्या असाव्यात. तडकलेले रबर दिसताच तार बदलावी, चिकटपट्टीने भागवू नये.

झाकण काढून उजेडात धरावे. आत दोन टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर वीज त्या वाटेने पळते असे समजावे. ती घासून जात नाही. झाकणच नवे घ्यावे. रेघ नसेल तर कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात तापवून पुन्हा बसवावे. रोटर हाताने थोडा पिळून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोराने परत आला तर खालची वजने मोकळी आहेत. न आल्यास गंज धरला असून, तो सोडविल्यावाचून पुढील सारे श्रम वाया जातील.

यानंतर पॉइंट. पॉइंटांतील फट आधी लावावी व वेळ मागून. हा क्रम मोडला की काम कधीच जमत नाही, कारण फट बदलली की वेळ आपोआप बदलते. फट वाढविली तर पॉइंट लवकर उघडतात व ठिणगी पुढे सरते. फट कमी केली तर उशिरा उघडतात. पॉइंटाचा ठोकळा कॅमवर घासून झिजतो तशी फट लहान होत जाते आणि ठिणगी दिवसेंदिवस मागे पडते. इंजिन हँडलने फिरवून ठोकळा कॅमच्या उंचवट्यावर आणावा व फीलर गेजने फट २० सहस्रांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ठेवावी. पॉइंटावर एका बाजूस टेकाड व दुसऱ्या बाजूस खड्डा झाला असेल तर गेज टेकाडावर टेकते व माप खोटे येते. असे पॉइंट बदलावे, आणि त्यांजबरोबर कंडेन्सरही तपासावा, कारण बहुतेक तोच त्या खड्ड्याचे कारण असतो. कॅमवर ग्रीसचे बोटभर नव्हे, नखभर लेपन पुरे. प्लगांची फट पुस्तिकेप्रमाणे २५ ते ३५ सहस्रांश इंच असते. हाती पुस्तिका नसेल तर २५ वर ठेवून पाहावे.

आता वेळ लावण्याचे मुख्य काम. स्विच बंद करून सर्व प्लग काढावे, म्हणजे इंजिन सहज फिरते. रेडिएटरकडील सिलिंडर पहिला. त्याच्या प्लगच्या भोकावर एकाने अंगठा दाबून धरावा, दुसऱ्याने हँडल नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. अंगठ्याखालून हवा जोराने बाहेर पडू लागली म्हणजे दाबाचा टप्पा सुरू झाला. येथून पुढे क्रँकच्या पुलीवरील खुणांवर नजर ठेवून, वरच्या टोकाची खूण काट्यासमोर येईपर्यंत फिरवावे. खूण ओलांडली गेली तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढूनच यावे, कारण दातांमधील ढिलाई नेहमी एकाच बाजूस पडली पाहिजे.

पुष्कळ जुन्या गाड्यांत ही खूण गंजाने खाल्लेली असते, किंवा पुलीच बदललेली असते. मोजणीदार जसा बांध मोजण्यापूर्वी पक्का दगड शोधतो, तशी येथे आधी खरी जागा शोधावी. फार्गोच्या सहा सिलिंडरी इंजिनात सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये एक लहान बूच असते. पहिला व सहावा दट्ट्या बरोबरच वर येतात, म्हणून हे बूच काढून आत एक सरळ पितळी तार सोडावी. वरचे टोक वाकवून ठेवावे, म्हणजे ती आत पडणार नाही. दट्ट्या वर येतो तशी तार उचलली जाते. परंतु अगदी टोकाशी दट्ट्या जवळजवळ स्थिर राहतो, क्रँक कित्येक अंश फिरला तरी तार हलत नाही, म्हणून 'तार थांबली तेथे टोक' हा हिशेब चुकतो. त्याऐवजी तार चढत असताना तिच्यावर एका उंचीस रेघ मारावी व त्या क्षणी पुलीवर खडूने खूण करावी. मग टोक ओलांडून, उतरताना तार पुन्हा त्याच रेघेवर आली की पुलीवर दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा बरोबर मध्य काढावा. तेच वरचे टोक होय. तेथे छिन्नीने बारीक रेघ पाडून पांढरा रंग भरावा, म्हणजे पुन्हा शोधावे लागणार नाही.

खूण काट्यासमोर असता डिस्ट्रिब्यूटरचा पकडीचा बोल्ट ढिला करावा. दिव्याचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील लहान टोकास व दुसरे सांगाड्यास लावून स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असता दिवा विझलेला राहतो, उघडताच लागतो. फार्गोचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. डिस्ट्रिब्यूटर प्रथम त्याच दिशेने फिरवून दिवा विझवावा, नंतर उलट दिशेने अगदी सावकाश फिरवावा आणि दिवा लागताक्षणी थांबून बोल्ट आवळावा. बोल्ट आवळताना तो हलतो, म्हणून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून दिवा खुणेवरच लागतो की नाही ते पुन्हा पाहावे. काम संपताच स्विच बंद करावा. पॉइंट मिटलेल्या स्थितीत तो चालू राहिल्यास कॉइल जळते. पुस्तिकेचा अंक हाती नसेल तर ठिणगी बरोबर वरच्या टोकावर ठेवावी. यात हँडलचा झटका बसण्याचे भय फार थोडे, आणि ताकदीत जे किंचित उणे राहील ते अशा गाडीस सोसते.

रोटर ज्या टोकासमोर आहे ते झाकणाचे टोक पहिल्या सिलिंडरचे. तेथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १, ५, ३, ६, २, ४ या क्रमाने तारा लावाव्या. गाडी कार्बोरेटरमधून फटाके उडवील व सुरू होणार नाही, तर बहुधा पहिल्या व सहाव्याची अदलाबदल झालेली असते. सारा क्रम अर्ध्या फेऱ्याने सरकवून पाहावा. तेलाचा पंप कोणी काढून बसविला असेल तर रोटर भलत्याच दिशेस तोंड करून उभा दिसेल. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा पंपाच्या दांड्यातच अडकतो, म्हणून असे होते. त्याने घाबरू नये. टोकांचा क्रम महत्त्वाचा, दिशा नव्हे. मात्र त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर फिरविण्यास जागाच उरत नसेल तर पंप पुन्हा नीट बसवावा.

हँडल मारताना अंगठा मुठीत मिटू नये, तो इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, आणि हँडल खालून वर ओढावे, वरून खाली कधीही दाबू नये. उलटा झटका आला तर ओढणारी बोटे सुटतात, दाबणारा हात सापडतो. घरातील तरुण मुले हौसेने पुढे येतात, त्यांस हे आधी दाखवावे.

इंजिन चालू झाल्यावर त्याची परीक्षा आपल्या आवारातच करावी. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, परंतु ते खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांपुरते असून मालवाहू ट्रकास त्यांचा आधार नाही. गाडी सावकाश चालते पण तापते, धुराड्यातून भडका निघतो, असे दिसल्यास ठिणगी मागे पडली आहे काय ते दिव्याने पाहावे. उलट इंजिन दम तोडीत असेल तर दर वेळी डिस्ट्रिब्यूटरकडे धावू नये. आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते, व जुन्या पंपाचे रबरी पडदे आणि नळ्या फुगतात वा चिरतात. तो दोष ठिणगीचा नव्हे.

पावसाळ्यापूर्वी गाडी उभी करून ठेवताना बॅटरी सोडून ठेवावी, आणि पॉइंटांमध्ये जाड कागदाचा तुकडा घालावा, म्हणजे गंज धरून ते एकमेकांस चिकटत नाहीत. कागद घातल्याची चिठ्ठी स्टीअरिंगला बांधून ठेवावी, नाहीतर दसऱ्यास ठिणगी कोठे गेली म्हणून सारे घर शोधीत बसते.